काच भरलेली दिसते

२ फेब्रुवारी, सोमवार

बॉयलरची काच काठोकाठ भरलेली असली, तर तिच्यात पाण्याची रेघ दिसत नाही. पूर्ण रिकामी असली, तरीही दिसत नाही. दोन्ही वेळा काच सारखीच स्वच्छ. मग बॉयलर भरलाय की आटलाय, हे ओळखायचं कसं?

मला माहीत नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. विचारणाऱ्यासमोर मात्र मी, प्रश्न फार मूलभूत आहे, असं म्हणून गंभीरपणे मान हलवली.

प्रश्न काकांचा. काका म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. आमच्या रेल्वे संग्रहालयात वाफेचं इंजिन शिकवायला आलेत. आवाज असा की सगळे त्यांना पाठीमागे भोंगा म्हणतात. उत्तर शेवटी त्यांनीच दिलं. काचेखाली एक नळ असतो, तो फिरवायचा. काचेतलं पाणी वाफेसकट खाली उडतं. नळ बंद केला की पाणी परत चढतं. चढलं तर बॉयलरमध्ये पाणी आहे, नाही चढलं तर नाही. इंजिन हलवण्याआधी दर वेळी फिरवायचा म्हणजे फिरवायचाच. नाहीतर खाली आग, वर पाणी नाही, भट्टीचं छप्पर कोरडं पडणार, आणि मग... पुढे ते बोललेच नाहीत. दोन्ही हात वर नेले आणि बोटं फाकवली. दिवसभरात तेवढाच एक क्षण ते गप्प होते.

काचा तशा दोन असायला हव्यात. आमच्या इंजिनाची दुसरी तडकली आहे म्हणून बंद. सुटा भाग यायचाय. एक पुरते, म्हणे.

संकल्प: पहाटे उठणे. दंड कमावणे. काकांच्या अनुभवाला माझ्या तत्त्वज्ञानाच्या पदवीची जोड देऊन वाफेचं इंजिन चालवण्याची एक नवी, सुसंस्कृत पद्धत घडवणे.

३ फेब्रुवारी

पार्श्वभूमी लिहून ठेवते, पुढे कुणाला संदर्भाला लागेल. (वही कोणी वाचणार नाही, तरीही.)

मी संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर आहे. हंगामी. या महिन्याच्या शेवटी नव्या रुळांचं उद्घाटन. जुनं इंजिन तीन डबे ओढणार. साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, जाहीर केलं की काकांच्या हाताखाली शिकून त्या दिवशी जो गाडी चालवेल, त्याला ड्रायव्हर म्हणून कायम घेऊ. चार जण पुढे आले. इंजिन शेडची रीत अशी की आधी इंजिन पुसायचं, मग कोळसा टाकायचा, मग कधीतरी गाडी चालवायच्या दांड्याला हात. पुसायचं ऐकून तिघं परत गेले. मी गेले नाही. मी साहेबांना, वेळ कमी आहे, पुसण्याची पायरी वगळू या, असं पटवून दिलं. पटले. काका गुरगुरले. शेडमध्ये दुरुस्ती बघणाऱ्या फिटरताईंनी हातातला चिंध्यांचा बोळा माझ्याकडे न पाहता परत बादलीत टाकला.

आईला सांगितलं. आई म्हणाली, आधी डिग्री आणली, आता काजळी आण. मावशीने तिच्या ऑफिसात जागा धरून ठेवली आहे, दोन मार्चच्या सोमवारी रुजू व्हायचं. पंख्याखाली खुर्ची, पाच वाजता घरी. मी म्हटलं, अठ्ठावीसला उद्घाटन होऊ दे. ड्रायव्हर झाले तर खुर्ची नको. नाही झाले तर जाईन. शब्द दिला.

नाही होण्याचा प्रश्नच नाही, म्हणून शब्द द्यायला काही वाटलं नाही.

६ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा आग. दाबाचा काटा हळूहळू चढत गेला. सगळं इंजिन आतून कुजबुजायला लागतं. अंगावर शहारा.

मग काका म्हणाले, नळ फिरव. फिरवला. मनगटाच्या अगदी शेजारून वाफ अशी काही किंचाळली की निरीक्षण नीट व्हावं म्हणून मी थोडी मागे सरकले. इतकी मागे की भानावर आले तेव्हा खाली खडीत उभी होते. फिटरताई चाकापाशी होत्या. म्हणाल्या, उतरायला त्या बाजूला पायऱ्या आहेत हो.

पाणी परत चढलं म्हणे. मी तेव्हा खाली होते.

घाबरले नाही. अनपेक्षित आवाजाला शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया होती. मन जागेवरच होतं.

८ फेब्रुवारी

फावडं. भट्टीचं तोंड लहान, फावडं मोठं, ही रचनेतली चूक. निम्मा कोळसा आत, निम्मा माझ्या बुटात. काका ओरडले, भट्टीला भरवायचंय, अंगणात सडा नाही घालायचा. तळहाताला फोड. संध्याकाळी घरी बाबा तो फोड बघत होते. बाबांचं सलून आहे, सगळं आयुष्य वस्तरा आणि कात्री. म्हणाले, फावडं धरतेस की गळा आवळतेस? हत्यार सैल धरावं, ते आपलं ऐकतं.

बाबा प्रेमाने सांगतात, पण वस्तऱ्याचं शास्त्र वेगळं.

११ फेब्रुवारी

आज एक महत्त्वाचा विचार सुचला.

दर वेळी नळ फिरवून खात्री करणं हे काय आहे? अविश्वास. काच सांगते आहे की पाणी आहे, आणि आपण तिला म्हणतो, खोटं बोलत नाहीस ना, दाखव. हा एका भित्र्या जमान्याचा वारसा आहे. माणूस यंत्रावर विश्वास ठेवेल तर यंत्रही माणसावर ठेवेल. विश्वास हीच खरी वाफ! हे वाक्य मी इंजिनात ठेवलेल्या माझ्या सामानाच्या पत्र्याच्या डब्यावर खडूने लिहिलं.

आणखी एक. शेडच्या फळ्यावर रोज खुणा करायच्या असतात: तेल दिलं, राख काढली, काच तपासली. आज काका चहाला गेले होते. मी काचेकडे नीट, शांतपणे पाहिलं. पाण्याची रेघ मध्यावर डुलत होती. मी खूण केली. पाहणं ही तपासणी नव्हे, असं म्हणणाऱ्याने आधी ज्ञान म्हणजे काय ते सांगावं. मी तीन वर्षं तेच शिकले आहे.

वाफेचा यात काही संबंध नाही.

१५ फेब्रुवारी

आज गाडी चालवली!

काका शेजारी. शिट्टी दिली. वाफेचा दांडा उघडला. इंजिनाने एक दीर्घ श्वास घेतला आणि निघालं. तो क्षण मी विसरणार नाही. दिशा उलटी होती, एवढंच. दिशेचा दांडा मागे पडलेला मी पाहिला नव्हता. पाठीमागच्या डब्यावर एक रंगारी शिडीवर चढून खिडकीची चौकट हिरवी करत होता. आम्ही डब्याला टेकलो. हळूच. पण रंगाऱ्याचा हात खिडकीपासून थेट दारापर्यंत गेला.

रंगारी जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात माझ्या खानदानाचा उल्लेख होता आणि बैलगाडीचाही. काका त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलले, म्हणून वाद लवकर मिटला.

एकंदर समाधानकारक. इंजिन माझ्या हाताला प्रतिसाद देतं हे सिद्ध झालं. दिशा हा तपशील आहे.

१८ फेब्रुवारी

पुढे गेले! फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन, फलाट संपल्यावर थांबले. काका म्हणाले, प्रवाशांना उडी मारता येत असेल तर उत्तम.

फलाटाच्या सुरुवातीला, जिथून गाडी सुटते तिथे, रुळांमध्ये राखेचा खड्डा आहे. इंजिन डब्यांपुढे लागलं की भट्टी बरोबर त्या खड्ड्यावर येते. पूर्वी दिवसअखेर आग तिथेच पाडायचे. काकांनी तो दांडा दाखवला. तो ओढला की भट्टीची जाळी खाली उघडते आणि सगळी आग खड्ड्यात. म्हणाले, हा कधी ओढायचा ते कुणी शिकवत नाही. या जागेवर जो बसलाय तो ठरवतो. आणि ज्याने ओढला त्याची त्या दिवसाची गाडी संपली. परत आग लावून वाफ धरायला अर्धा दिवस जातो.

मी मान हलवली. हा दांडा माझ्या पद्धतीत लागणार नाही.

१९ फेब्रुवारी

काकांबद्दल एक शोध. त्यांना जवळचं दिसत नाही. दाबाचा काटा किती, हे ते मलाच विचारतात, आणि मी सांगितलं की, तेच म्हणत होतो, असं म्हणतात. चष्मा वरच्या खिशात असतो. मी एकदा म्हटलं, काका, चष्मा लावता का? म्हणाले, चष्मा म्हातारे लावतात. मी इंजिन कानाने चालवतो.

म्हणजे काकाही विश्वासावरच चालतात. गुरुशिष्यांचं तत्त्वज्ञान एक निघालं. फार बरं वाटलं.

ते रोज विचारतात, काच? मी म्हणते, भरली आहे. ते म्हणतात, नळ? मी म्हणते, झालं. (मनातून.)

२२ फेब्रुवारी

सलूनमध्ये गेले होते. बाबांनी माझी पदवी फ्रेम करून दोन आरशांच्या मधल्या भिंतीवर लावली आहे. समोरच्या आरशात ती दिसते, त्यातून मागच्या आरशात, त्यातून परत पुढे. खुर्चीत बसलेल्या माणसाला एकाच मुलीच्या पन्नासेक पदव्या दिसतात. तोंडाला फेस असल्यामुळे कोणी काही बोलू शकत नाही. बाबांना हेच आवडतं.

आता पदवीखाली त्यांनी पाटी लावली आहे: अठ्ठावीसला दुकान बंद. मुलगी इंजिन चालवणार. नेहमीची गिऱ्हाइकं पहिल्या डब्यात बसणार आहेत, बाबांसकट. एक आजोबा म्हणाले, इंजिनाच्या मागचाच डबा? काही झालं तर पहिला दणका आपल्याला. बाबा म्हणाले, माझ्या हातात रोज तुमचा गळा देता, तेव्हा नाही भीती वाटत? आजोबा म्हणाले, तू वस्तरा आधी स्वतःच्या हातावर फिरवून बघतोस, म्हणून नाही वाटत.

सगळे हसले. मीही हसले. मग लवकर निघाले, काम होतं.

२४ फेब्रुवारी

आई मावशीशी फोनवर बोलत होती. मी आत आहे हे तिला माहीत होतं, म्हणूनच मोठ्याने. होय गं, सोमवारी येईल. हे भूत उतरेल शनिवारी. मग फोन ठेवून मला म्हणाली, तुझ्यासाठी निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय, कोळशाच्या हाताने कपाट उघडू नकोस.

आईला मी दोष देत नाही. नवं काही घडवणाऱ्यांच्या घरी एक इस्त्री केलेला ड्रेस नेहमी असतोच.

२५ फेब्रुवारी

फिटरताईंनी आज सरळ विचारलं. तो काचेचा नळ रोज फिरवतेस ना? क्षाराचं पाणी आहे आपल्याकडे. रोज फिरवला नाही तर नळ दगड होतो. मी म्हटलं, रोज. फळ्यावर खुणा बघा ना. त्या म्हणाल्या, खुणा बघितल्या म्हणूनच विचारतेय. सगळ्या एकसारख्या सुंदर आहेत. वाफेजवळ काम केलेल्या हाताची खूण इतकी सरळ येत नाही.

मग त्या डब्यांचे ब्रेक बघायला गेल्या.

ताईंचा स्वभाव संशयी आहे. नवऱ्याशीही पटत नाही म्हणतात. (म्हणतात कोण, ते आठवत नाही.)

२७ फेब्रुवारी, दुपारी

रंगीत तालीम छान झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. फलाटाच्या आत थांबले, शिट्टी वेळेवर. काकासुद्धा, बरंय, असं म्हणाले, आणि ते शेडच्या पलीकडे ऐकू गेलं. आता मला स्वतःला थांबवायला हवं, नाहीतर गर्व होईल.

संध्याकाळी

सगळे गेल्यावर, इंजिन निवल्यावर, वर चढले. सहज. नळाला हात लावला. वाफ नसताना.

फिरत नाही.

दोन्ही हातांनी. बूट टेकवून. फिरत नाही. टोकाला पांढरा खडूसारखा थर. तेल सोडलं. हातोडीने हळूच टक केलं. काहीच नाही.

थंड असताना अडकतच असणार. गरम झालं की धातू सैलावतो, हे साधं विज्ञान आहे. उद्या सैल होईल. आणि नाही झाला, तर काच आहेच. रेघ दिसते. रेघ नेहमीच दिसली आहे.

ताईंना सांगावं का? सांगायचं तर फळ्याचं सांगावं लागेल. उद्या त्यांना तीन डबे, पाहुणे, शाळेचा बँड, किती व्याप. त्यांच्या डोक्याला आणखी ताप कशाला?

संकल्प: उद्यानंतर रोज फिरवणे.

२८ फेब्रुवारी, सकाळी आठ

आग छान धरली आहे. काटा चढतोय. नळाला हात लावला. गरम आहे, सैल नाही. पुन्हा बघते थोड्या वेळाने.

साडेनऊ

इंजिन डब्यांना जोडलं. फलाटावर गर्दी. लाल गालिचा. बाबा पहिल्या डब्याच्या खिडकीत, नवा शर्ट, केस असे विंचरलेत की स्वतःच्याच दुकानातून आलेत हे कळावं. आई मागे, पर्स मांडीवर घट्ट.

बॉयलरमध्ये पाणी भरतेय. इंजेक्टर नीट धरला की पाणी आत जातं, नाही धरला तर खालच्या नळीतून जमिनीवर सांडतं. मी बाबांना हात केला आणि खाली बघितलं तर डबकं. धरला होता की नाही? कधीपासून सांडतंय? पुन्हा लावला. परत सांडल्यासारखं वाटलं. पुन्हा लावला.

पाहुणे आले. वही ठेवते.

संध्याकाळी

झालेलं आहे तसं लिहिते.

पाहुण्यांनी फीत कापली. बँड वाजला. साहेबांनी लांबून हिरवा झेंडा दाखवला. काका म्हणाले, काच? मी पाहिलं.

रेघ नव्हती.

काच स्वच्छ. वरपासून खालपर्यंत. रोज मध्यावर डुलणारी ती रेघ कुठेच नव्हती. एक तर पाणी काचेच्या वर गेलं होतं, नाहीतर काचेच्या खाली. म्हणजे बॉयलर काठोकाठ भरला होता, नाहीतर मी सकाळभर पाणी जमिनीवर ओतलं होतं आणि भट्टीचं छप्पर आता कोरडं पडत होतं. काटा वर होता. वाफ जोरात. त्याने काही ठरत नाही. आता घाईने पाणी सोडावं, तर तापलेल्या कोरड्या पत्र्यावर थंड पाणी पडणार. तेही काकांनी शिकवलं होतं, हात वर नेऊन, बोटं फाकवून.

मी म्हटलं, काका, काच बघा. ते वाकले. डोळे बारीक केले. म्हणाले, भरलेली दिसतेय. मी म्हटलं, चष्मा लावा. त्यांनी खिशाला हात लावला, खाली पाहुणे बघत होते, हात परत घेतला. म्हणाले, अगं दिसतेय म्हटलं ना. नळ फिरवून घे आणि चल.

मी नळाला हात लावला. मग दोन्ही हात. तळहात भाजला तरी सोडला नाही. काका म्हणाले, सरक, आणि त्यांनी स्वतः धरला. खांदा लावून. त्यांची मान लाल झाली. नळ हलला नाही. त्यांनी नखाने तो पांढरा थर खरवडला आणि माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवायही त्यांना सगळं दिसलं.

महिन्यात दुसऱ्यांदा ते गप्प झाले.

बँड संपला आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. साहेब झेंडा जोरजोरात हलवायला लागले. फलाटावरून कोणीतरी ओरडलं, ड्रायव्हरबाई झोपल्या काय? बाबांनी खिडकीतून अर्धं बाहेर येऊन त्याला सांगितलं, इंजिन आहे ते, रिक्षा नाही. काका हळू आवाजात बोलले. त्यांना हळू आवाज आहे, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, भरलीच असणार गं. एवढं पाणी सोडलंस. एवढी माणसं आलीत. विश्वास ठेव आणि चल.

समोर माझा पत्र्याचा डबा होता. त्यावर माझ्याच अक्षरात तेच लिहिलं होतं.

मी काचेकडे पाहिलं. मला खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं ज्ञान म्हणजे काय ते शिकले, आणि बाबा पहिल्या डब्यात होते, आणि मला माहीत नव्हतं. काका शेजारी उभे होते. ड्रायव्हरच्या जागेवर मी होते.

मी जाळीचा दांडा ओढला.

सगळी आग खड्ड्यात गेली. आधी लाल उजेड, मग धूर. एवढा धूर की गालिचा, बँड, साहेब, सगळं गेलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. मग काकांना आवाज परत आला. ते काय ओरडले, ते तिन्ही डब्यांनी ऐकलं. मी आगीवर बादल्या ओतत होते.

अर्ध्या तासाने डिझेलचं छोटं इंजिन आलं आणि डबे ओढून घेऊन गेलं. त्याचा हॉर्न लहान मुलांना फार आवडला.

१ मार्च, रविवार

बॉयलर निवल्यावर ताईंनी नळ सोडवला. मी खाली उभी होते. वर चढायचं धाडस झालं नाही.

पाणी होतं.

काठोकाठ. काचेच्याही वर. तीन तीन वेळा इंजेक्टर लावल्यामुळे बॉयलर नको तेवढा भरला होता. छप्पर कोरडं पडलं नव्हतं. काही उडालं नसतं.

ताई म्हणाल्या, एवढ्या भरलेल्या बॉयलरने जोरात निघाली असतीस तर पाणी सिलिंडरमध्ये शिरून झाकण फुटू शकलं असतं. मी म्हटलं, म्हणजे माझा निर्णय एका अर्थाने... त्या म्हणाल्या, तुझा निर्णय तुला ते माहीत असून झाला होता का? मी म्हटलं, नाही. मग गप्प बस, म्हणाल्या. आणि तो नळ माझ्या हातात दिला. कधी फिरवला होतास शेवटचा? उत्तर नळाच्या तोंडातच होतं, पांढरं, घट्ट.

काका आले. चष्मा लावून. त्यांनी काच पाहिली, नळ पाहिला, मग मोठ्याने म्हणाले की ते पहिल्यापासून भरलेलीच म्हणत होते. शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. जाताना जिन्यापाशी थांबले आणि त्या हळू आवाजात म्हणाले की चष्म्याशिवाय त्यांना काचच दिसत नव्हती, रेघेची गोष्ट लांब.

साहेबांनी बोलावलं होतं. ड्रायव्हरची जागा आता भरणार नाहीत. सुट्ट्यांना डिझेल चालेल, वर्षातून एकदोनदा वाफेचं, काका चालवतील. मला म्हणाले, तिकीट खिडकी आहेच. हवं तर शेडमध्ये फावल्या वेळात काही करा, पण दांड्यांना हात लावू नका. कुठल्याच.

घरी बाबा गिऱ्हाइकांना सांगत होते. अचानक ब्रेक नाही, धक्का नाही, गाडी जागची हललीसुद्धा नाही. इतकं सुरक्षित ड्रायव्हिंग केलंय का कधी कुणी? फेसातून कोणी उत्तर दिलं नाही. मग मला एकटीला गाठून त्यांनी माझा भाजलेला तळहात बघितला, वस्तऱ्याने कापल्यावर लावायची ती तुरटी आणायला गेले, भाजल्यावर ती चालत नाही हे आठवून रिकाम्या हाताने परत आले, आणि शेजारी बसून राहिले.

आईने निळा ड्रेस दाराच्या खिळ्याला अडकवला.

२ मार्च, सोमवार

निळा ड्रेस घातला. आईने डबा भरून दिला. म्हणाली, पहिल्या दिवशी कुणाशी वाद घालू नकोस, तिथलं जे असेल ते आधी नीट बघून घे. मी, हो, म्हटलं. शब्द दिला होता, याची तिने आठवण करून दिली नाही. तेच जास्त लागलं.

स्टॉपवर दोन बस येतात.

शेडमध्ये पोचले तेव्हा ताई आलेल्या नव्हत्या. फळ्यावर ड्रायव्हरच्या रकान्यात अजून माझं नाव होतं, खाली मी काढलेल्या खुणा, सगळ्या सरळ, सगळ्या सुंदर. नाव पुसलं. खुणाही पुसल्या. मग पुसणाऱ्यांच्या रकान्यात, जो महिनाभर रिकामा होता, माझं नाव लिहिलं. तिकीट खिडकी दुपारी उघडते. सकाळ माझी आहे.

निळ्या ड्रेसवर जुना डगला चढवला. बादलीतून चिंध्यांचा बोळा घेतला. चाकाच्या आऱ्यांमध्ये इतका जुना तेलकट चिखल बसलेला असतो, हे वरून कधी दिसलं नव्हतं. बोळा एका दिशेने फिरवावा की गोल, यावर माझे काही विचार आहेत. ताई आल्या, त्यांनी बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, नको.

नळ साफ करून परत बसवला होता. मी फिरवला. फिरला. आग नव्हती, वाफ नव्हती, काही किंचाळलं नाही, तरी मनगट मागे आलंच. फळ्यावर काच तपासल्याची खूण केली नाही. आज तपासली नव्हती.

ऑफिससाठी म्हणून दिलेला डबा दुपारी चाकाला पाठ टेकून खाल्ला. हात दोनदा धुतले तरी पोळीवर बोटं उमटली. निळ्या ड्रेसच्या बाहीवर एक डाग आहे, तो निघणार नाही. आईला संध्याकाळी दिसेलच.

मावशीला सकाळीच फोन केला होता, स्टॉपवरून. तिच्या ऑफिसकडे जाणारी बस आली होती, मी चढले नाही.